साडेनऊ ते साडेचार

१५ ऑक्टोबर २०१४ च्या रात्री ड्रुपल ७ वर चालणाऱ्या जगभरातल्या वेबसाइट्सना एक दुरुस्ती बसवायला सात तासांची मुदत मिळाली. मुदत आहे हे त्या रात्री कोणी सांगितले नाही. ते कळले चौदा दिवसांनी. नाशिकच्या पंचवटीतल्या घड्याळात ते सात तास रात्री साडेनऊला सुरू झाले आणि पहाटे साडेचारला संपले. पुढच्या सर्व वेळा भारतीय आहेत.

५ जानेवारी २०११

ड्रुपलची सातवी आवृत्ती प्रसिद्ध होते. बेल्जियमच्या ड्रीस बायटार्ट यांनी दहा वर्षांपूर्वी, जानेवारी २००१ मध्ये, वेबसाइट बांधण्याची ही प्रणाली मुक्तस्रोत म्हणून खुली केली होती. परवाना शुल्क नाही, कोड कोणीही वाचावा, बदलावा, वापरावा. तिच्यावर पुढे अमेरिकेच्या व्हाइट हाउसची वेबसाइट चालली. भारत सरकारचे खुल्या आकडेवारीचे दालनही तिच्यावर उभे राहिले. मराठी माणसाच्या वाचनातही ती आली. मनोगत, उपक्रम, मायबोली, मिसळपाव, ऐसी अक्षरे ही स्थळे ड्रुपलवर वाढली.

सातव्या आवृत्तीत डेटाबेसशी बोलणारा भाग नव्याने लिहिलेला आहे. वेबसाइटवर येणाऱ्या माणसाने टाइप केलेला मजकूर डेटाबेसने आज्ञा समजून पाळू नये, यासाठीच तो लिहिला गेला. क्वेरीत, म्हणजे डेटाबेसला द्यायच्या आज्ञेत, जागा रिकामी ठेवायची आणि मजकूर वेगळा पाठवायचा, अशी त्याची रीत. मजकुराचे अनेक तुकडे आले तर रिकाम्या जागांना क्रमांक लागतात: शून्य, एक, दोन.

हे क्रमांक कोड स्वतः मोजत नाही. आलेल्या यादीत जे असतील तेच घेतो. क्रमांकाच्या जागी क्रमांकच येईल, असे त्यात गृहीत धरलेले आहे.

नोव्हेंबर २०१३

या क्रमांकांच्या हाताळणीत चूक आहे, अशी नोंद ड्रुपलच्या सार्वजनिक तक्रार-यादीत होते. ती कोणालाही वाचता येते. सुरक्षेचा प्रश्न म्हणून तिच्याकडे कोणी पाहत नाही. हजारो नोंदींमध्ये ती पडून राहते.

१६ सप्टेंबर २०१४, मंगळवार

पितृपक्षाचे दिवस आहेत. पंचवटीत रामकुंडावर श्राद्धविधींसाठी गर्दी आहे.

जर्मनीतील सेक्शन आइन्स या कंपनीचे स्टेफान होर्स्ट एका ग्राहकासाठी ड्रुपलचा कोड तपासत असताना क्रमांक घेणाऱ्या त्याच ओळीपाशी येतात. क्रमांकाच्या जागी कोणी अख्खी आज्ञा पाठवली तर ती थेट क्वेरीत शिरते. एका क्वेरीमागे दुसरी जोडता येते. त्यासाठी लॉगिन लागत नाही, कारण लॉगिनचा फॉर्मच या कामाला पुरतो. कंपनी ड्रुपलच्या सुरक्षा पथकाला गुप्तपणे कळवते.

दुरुस्ती छोटी आहे. आलेले क्रमांक टाकून द्यायचे आणि यादी पुन्हा शून्यापासून मोजायची. बदल एका ओळीचा.

सप्टेंबरचा उत्तरार्ध

दुरुस्ती जाहीर केव्हा करायची, यावर सुरक्षा पथकात चर्चा होते. ड्रुपलच्या गाभ्याच्या सुरक्षा दुरुस्त्या महिन्यातून एकदा, ठरलेल्या बुधवारी निघतात. त्याआधीच जाहीर करावी, असाही विचार होतो. पण २९ सप्टेंबरला ॲमस्टरडॅममध्ये ड्रुपलचे मोठे संमेलन सुरू होणार आहे. जाणकार माणसे त्याच्या तयारीत आहेत. नंतरच्या आठवड्यात ती सुटीवर असतील किंवा तुंबलेले काम उपसत असतील. दुरुस्ती निघाली आणि ती बसवायला माणसेच जागेवर नसली, तर धोका वाढेल.

पथक संमेलनानंतरचा पहिला ठरलेला बुधवार निवडते: १५ ऑक्टोबर.

निर्णय विचारपूर्वक घेतलेला आहे. १५ ऑक्टोबरला महाराष्ट्रात काय आहे, हे विचारात घेण्याचे पथकाला काही कारण नव्हते.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

सर्व्हर सांभाळणाऱ्यांसाठी हे वर्ष थकवणारे गेले आहे. एप्रिलमध्ये हार्टब्लीड ही त्रुटी उघड झाली. सप्टेंबरच्या शेवटी शेलशॉक ही दुसरी. आज पूडल नावाची त्रुटी जाहीर होते. वेबसाइट आणि ब्राउझर यांच्यातले संभाषण सुरक्षित ठेवणाऱ्या एका जुन्या पद्धतीतली ही त्रुटी आहे. मायक्रोसॉफ्टच्या महिन्याच्या दुरुस्त्याही आजच निघतात. जगभरचे लक्ष तिकडे जाते.

१५ ऑक्टोबर, बुधवार, सकाळी ७:००

महाराष्ट्र विधानसभेच्या २८८ जागांसाठी मतदान सुरू होते. पंचवटी नाशिक पूर्व मतदारसंघात आहे. कार्यालयांना सुटी आहे. शाळांमध्ये मतदान केंद्रे आहेत. दिवाळी आठ दिवसांवर आली आहे.

वेबसाइट्स चालू आहेत. त्यांना सुटी नसते.

संध्याकाळी ६:००

मतदानाची वेळ संपते. रांगेत उभे असलेले मतदार राहतात. निवडणुकीच्या कामावरचे शिक्षक आणि सरकारी कर्मचारी पहाटेपासून उभे आहेत. यंत्रे मोहोरबंद करून, पोहोच घेऊन त्यांना घरी जायला रात्र होणार आहे.

रात्री ९:३०. सात तास बाकी.

ड्रुपल ७.३२ प्रसिद्ध होते. सोबत सूचना क्रमांक २०१४-००५ आहे. ७.० पासून ७.३१ पर्यंतच्या सर्व आवृत्त्या असुरक्षित आहेत. ऑगस्टमधला आधीचा सुरक्षा अपडेट ज्यांनी वेळेवर केला, त्यांच्या वेबसाइट्सही यात येतात. धोक्याची पातळी अतिगंभीर म्हणून नोंदवली जाते. पुढे तिला २५ पैकी २५ गुण दिले जातात.

ब्रुसेल्समध्ये संध्याकाळचे सहा वाजले आहेत. न्यूयॉर्कमध्ये दुपारचे बारा. सॅन फ्रान्सिस्कोत सकाळचे नऊ, म्हणजे कामाचा अख्खा दिवस पुढे आहे. पंचवटीत जेवणे उरकत आली आहेत आणि टीव्हीवर मतदानोत्तर अंदाज चालू आहेत.

रात्री १०:३०. सहा तास बाकी.

मुक्तस्रोत प्रणालीत दुरुस्ती झाकून ठेवता येत नाही. ७.३१ आणि ७.३२ शेजारी ठेवल्या की फरक दिसतो. डेटाबेसच्या एका फाइलमधली एक ओळ बदललेली आहे. जुन्या ओळीत काय चुकत होते, हे नवी ओळच सांगते. जाणत्या प्रोग्रामरला त्यातून हल्ला रचायला दिवस लागत नाही.

मुक्तस्रोताचे बळ याच उघडेपणात आहे. होर्स्ट यांना चूक सापडली, कारण कोड वाचायला मोकळा होता. त्याच कारणाने ती आता सर्वांना एकाच वेळी सापडते. यापुढे प्रश्न एवढाच उरतो की त्या ओळीपर्यंत आधी कोण पोहोचते, वेबसाइट सांभाळणारा की फोडणारा.

रात्री ११:३०. पाच तास बाकी.

ड्रुपलमध्ये अपडेटची खबर देण्याची सोय आहे. नवी आवृत्ती आली का, हे वेबसाइट स्वतः तपासते आणि नोंदवलेल्या पत्त्यावर ईमेल पाठवते. ही तपासणी सहसा दिवसातून एकदा होते. ज्या वेबसाइटची आजची तपासणी संध्याकाळीच झाली, तिला ७.३२ ची खबर उद्या संध्याकाळी लागेल. मुदत पहाटे साडेचारची आहे.

ईमेल निघाला तरी तो कोणाला जातो, हा दुसरा प्रश्न. वेबसाइट बांधताना जो पत्ता भरला, तोच पुष्कळदा कायम राहतो. बांधणाऱ्याने नोकरी बदललेली असते. कंत्राट संपलेले असते. यात्री निवास असो, शाळा असो की द्राक्षांचा निर्यातदार, वेबसाइट बांधून घेण्याची आपल्याकडची रीत सारखीच आहे. दरपत्रक येते, घासाघीस होते, वेबसाइट उभी राहते, उद्घाटन होते. देखभालीचा वार्षिक करार हा दरपत्रकातला शेवटचा रकाना असतो. काटकसर करायची झाली की तोच आधी खोडला जातो.

मध्यरात्र उलटून १२:३०. चार तास बाकी.

तारीख बदलली आहे. १६ ऑक्टोबर.

वर्डप्रेसने सुमारे एका वर्षापूर्वी, ऑक्टोबर २०१३ मध्ये, ३.७ या आवृत्तीत सुरक्षेचे छोटे अपडेट आपोआप बसवण्याची सोय आणली. मालक झोपलेला असला तरी ते बसतात. ड्रुपल ७ च्या गाभ्याला अशी सोय नाही. माणसाने उठून नव्या फाइल्स चढवाव्या लागतात.

रात्री १:३०. तीन तास बाकी.

फक्त ड्रुपलच्याच वेबसाइट्स सांभाळणाऱ्या काही मोठ्या होस्टिंग कंपन्यांनी आपल्या पातळीवर अडसर घातला आहे. या चुकीचा फायदा घेणाऱ्या विनंत्या ग्राहकाच्या वेबसाइटपर्यंत पोहोचण्याआधीच अडवल्या जातात. त्यांच्या ग्राहकांना सवड मिळते.

स्वस्तातल्या सामायिक होस्टिंगवर, जिथे एका सर्व्हरवर शेकडो वेबसाइट्स शेजारी शेजारी असतात, अशी खात्री नसते. तिथे एक वेबसाइट पडली की त्याच सर्व्हरवरच्या शेजाऱ्यांनाही धोका असतो. शेजारची वेबसाइट कोणत्या प्रणालीवर आहे, याने फरक पडत नाही.

रात्री २:३०. दोन तास बाकी.

अपडेटला किती वेळ लागतो? बॅकअप घ्यायचा, नव्या फाइल्स चढवायच्या, डेटाबेसची दुरुस्ती चालवायची, वेबसाइट उघडून पाहायची. नीट ठेवलेल्या वेबसाइटला अर्धा तास पुरे. तेवढाही वेळ नसेल तर फक्त ती एक ओळ बदलायची. सर्व्हरचा पासवर्ड हाताशी असेल तर हे काही मिनिटांचे काम आहे.

नीट न ठेवलेल्या वेबसाइटला रात्र पुरत नाही. कोणीतरी पूर्वी गाभ्याच्या फाइल्समध्येच हात घालून बदल केलेले असतात आणि अपडेटने ते पुसले जातात. एखादे जुने मॉड्यूल बंद पडेल, अशी भीती असते. चाचणीसाठी वेगळी प्रत नसते. म्हणून अपडेट पुढे ढकलला जातो. दर महिन्याला ढकललेल्या अपडेटची थकबाकी अशा रात्री एकदम भरावी लागते.

पहाटे ३:३०. एक तास बाकी.

सॅन फ्रान्सिस्कोत दुपारचे तीन वाजले आहेत. ज्या कार्यालयाने सकाळी सूचना वाचली, त्याला सहा तास मिळाले आहेत. भारतातल्या झोपलेल्या माणसाला त्यातले काहीच मिळालेले नाही.

हल्ले आता माणूस एकेक करून करत नाही. प्रोग्राम पत्त्यांची यादी घेऊन फिरतो. ड्रुपल ७ आहे का पाहतो, लॉगिनच्या फॉर्ममधून मजकूर पाठवतो, पुढच्या पत्त्यावर जातो. वेबसाइट मंत्रालयाची आहे की सात खोल्यांच्या धर्मशाळेची, हे तो पाहत नाही. आपली वेबसाइट लहान आहे, तिच्यात कोणाला काय रस असणार, हा युक्तिवाद इथे लागू पडत नाही.

पहाटे ४:३०. मुदत संपली.

कोजागरी होऊन आठवडा झाला आहे. मंदिरांत काकडआरतीचे दिवस सुरू आहेत. गोदाघाटावर पहिले स्नान करणारे उतरायच्या बेतात आहेत.

या क्षणी काहीच घडल्यासारखे दिसत नाही. एकही पान बदललेले नाही. कोणत्याही वेबसाइटवर लाल अक्षरे नाहीत, खंडणीची चिठ्ठी नाही.

सकाळी ७:००

पंचवटी एक्स्प्रेस नाशिकरोडहून मुंबईकडे निघण्याची वेळ. डब्यात निकालाचे अंदाज चालू आहेत.

जिथे प्रोग्राम शिरला, तिथे त्याने काय केले ते पुढे तपासात उलगडत गेले. कुठे डेटाबेसमध्ये प्रशासकाचे नवे खाते तयार केले. कुठे वेबसाइटच्या पानांची नोंद ठेवणाऱ्या तक्त्यात एक ओळ घातली, जिच्या आधारे सर्व्हरवर नवी फाइल लिहिता येते. त्या फाइलमधून नंतर कधीही आत येता येते. फाइलचे नाव खऱ्या फाइल्समध्ये मिसळून जाईल असे असते. सर्व्हरच्या नोंदींमध्ये पानाचा पत्ता उमटतो, पण फॉर्ममधून काय पाठवले ते सहसा उमटत नाही.

सकाळी १०:३०

कार्यालये उघडतात. ईमेल वाचला जातो, काही ठिकाणी लगेच अपडेट होतो. अपडेट करणारा समाधानाने नोंद करतो: ७.३२ बसवले. त्याचे काम चोख आहे. पण जर कोणी रात्रीच शिरून गेले असेल, तर दार आता त्याच्या मागे बंद झाले आहे आणि त्याच्याकडे दुसरी किल्ली आहे.

काही वेबसाइट्सवर आणखी विचित्र गोष्ट आढळते. दुरुस्ती आधीच बसलेली असते आणि ती आपण बसवली असे कोणी म्हणत नाही. दुसऱ्या कोणाला आत येता येऊ नये म्हणून हल्लेखोरानेच ती ओळ बदललेली असते.

१९ ऑक्टोबर, रविवार

मतमोजणी. राज्याचे सारे लक्ष निकालाकडे आहे.

२१ ते २५ ऑक्टोबर

धनत्रयोदशी, नरकचतुर्दशी, लक्ष्मीपूजन, पाडवा, भाऊबीज. गुरुवारी, २३ तारखेला, दुकानांत वह्यांची पूजा होते. ज्या वेबसाइटची सूचना कोणी वाचलेली नाही, तिचे असुरक्षित दिवस आता तासांत मोजायचे राहिलेले नाहीत.

आणखी एक घड्याळ मात्र चालू आहे. अनेक होस्टिंग खात्यांवर शेवटच्या सात दिवसांचेच बॅकअप राहतात. आठव्या दिवशी सर्वांत जुना पुसला जातो. २३ ऑक्टोबर उजाडेपर्यंत अशा खात्यांवरचा १५ तारखेचा स्वच्छ बॅकअप गेलेला आहे.

२९ ऑक्टोबर, बुधवार

ड्रुपलचे सुरक्षा पथक जाहीर निवेदन काढते. १५ ऑक्टोबरला जागतिक प्रमाणवेळेनुसार रात्री अकराच्या आत जी ड्रुपल ७ वेबसाइट दुरुस्त झाली नाही, ती फोडली गेली आहे असे धरूनच चाला. हल्ले घोषणेनंतर काही तासांतच सुरू झाले होते. नुसता अपडेट केल्याने आत ठेवलेली चोरवाट जात नाही.

रात्री अकरा, म्हणजे आपले पहाटेचे साडेचार.

उपायही निवेदनातच आहे. वेबसाइट उतरवा. सर्व्हरच्या व्यवस्थापकाला कळवा, कारण शेजारच्या वेबसाइट्सनाही धोका आहे. शक्य असेल तर नवा सर्व्हर घ्या. १५ ऑक्टोबरच्या आधीचा बॅकअप काढा आणि त्यावरून वेबसाइट पुन्हा उभी करा.

तो बॅकअप ज्यांच्याकडे नव्हता, त्यांना वेबसाइट नव्याने बांधावी लागणार होती.

३ एप्रिल २०१६

पनामा पेपर्स प्रसिद्ध होतात. मोसॅक फोन्सेका या कायदा संस्थेची १ कोटी १५ लाख कागदपत्रे बाहेर येतात. कागदपत्रे नेमकी कशी गेली, हे सिद्ध झालेले नाही. पण पत्रकारांना एक गोष्ट सहज दिसते. ग्राहकांसाठीचे त्या संस्थेचे दालन ड्रुपल ७.२३ वर चालत होते. ७.३२ निघून दीड वर्ष झाले होते.

२१ मार्च २०१८

ड्रुपलच्या गाभ्यात जवळपास तितकीच गंभीर दुसरी त्रुटी सापडली आहे. या वेळी सुरक्षा पथक सात दिवस आधी जाहीर करते: २८ मार्चला, ठरलेल्या दीड तासात, दुरुस्ती निघेल. माणसे तयार ठेवा. भारतीय वेळेनुसार तो दीड तास रात्री साडेअकरा ते एक असा येतो. पण आता ती वेळ आधी माहीत आहे. जागे राहायचे कोणी, हे आठवडाभर आधी ठरवता येते. हल्ल्याचा चालता नमुना १२ एप्रिलला जाहीर होतो. पंधरा दिवस हाताशी मिळतात. ज्यांनी तरीही अपडेट केला नाही, त्यांच्या वेबसाइट्स त्यानंतर फोडल्या जातात.

५ जानेवारी २०२५

ड्रुपल ७ चा अधिकृत आधार संपतो. पहिल्या प्रकाशनाला त्या दिवशी चौदा वर्षे पूर्ण होतात. आता त्या आवृत्तीत चूक सापडली तर पथकाकडून दुरुस्ती निघणार नाही.

आज

पंचवटी पुन्हा सिंहस्थाच्या तयारीत आहे. तपोवनात साधुग्राम उभे राहील. यात्रेकरूंच्या निवासासाठी, पूजेच्या नोंदणीसाठी, प्रवासासाठी वेबसाइट्स लागतील. त्यांतल्या पुष्कळ मुक्तस्रोत प्रणालीवर उभ्या राहतील, आणि ते योग्यच आहे. हजारो माणसांनी लिहिलेला, तपासलेला कोड धर्मशाळेलाही मंत्रालयाइतकाच मिळतो, ही आपल्या काळातली मोठी उदारता आहे.

त्या उदारतेसोबत एक काम येते आणि ते फुकट होत नाही. वेबसाइट उघडण्याआधी तीन गोष्टी कागदावर लिहून ठेवाव्या लागतात. सुरक्षेचा ईमेल आज कामावर असलेल्या कोणत्या माणसाला जातो. रात्री फोन करून उठवता येईल असा माणूस कोण आहे. महिन्यापूर्वीचा बॅकअप सर्व्हरच्या बाहेर कुठे ठेवला आहे. दरपत्रकातला देखभालीचा रकाना या तीन उत्तरांचा पगार आहे. तो खोडला तर काय होते, याचा हिशेब १६ ऑक्टोबर २०१४ च्या पहाटे साडेचार वाजता झालेला आहे.